पाळीव प्राणी चालतील

यजमान गेले आणि तुंगार्लीच्या बंगल्यात मी एकटी उरले. बंद खोल्यांना ओल धरायला लागली, तेव्हा मी मागच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि पुढचं घर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देऊ लागले. बाग, झाडलोट, किल्ल्या सगळं आबा बघायचे. ते भाजे गावचे. बायको वारल्यापासून आमच्या आवारातल्याच खोलीत राहत होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा. तांबूस, एक कान फाटलेला, नऊ-दहा वर्षांचा.

फोनवर बरेच जण विचारायचे, "आमचा कुत्रा आणला तर चालेल का?" मी नाही म्हणायचे. बुकिंग बघणारी माझी भाची एकदा म्हणाली, "आत्या, आता सगळेच चालवून घेतात. तू नाही म्हटलंस की लोक शेजारचा बंगला घेतात." मी हो म्हटलं. तिने इंटरनेटवरच्या बंगल्याच्या माहितीत 'पाळीव प्राणी चालतील' असं लिहून टाकलं.

पहिल्यांदा एक मोठा सोनेरी कुत्रा आला. आबांनी हौसेने त्याच्यासाठी घमेल्यात पाणी भरून ठेवलं. पण त्यांच्या कुत्र्याला ते पटेना. आवार त्याचं होतं. तो दिवसभर पायऱ्यांशी उभा राहून भुंकला. पुढे एका कुटुंबाने आपलं छोटं पांढरं कुत्रं हिरवळीवर मोकळं सोडलं, आणि याने त्याला खाली दाबून धरलं. थोडंसं खरचटलं, एवढंच. पण त्या कुटुंबातली बाई ओरडत त्याला उचलून आत पळाली. ते लोक त्याच दुपारी निघून गेले आणि आवारात भटकी कुत्री आहेत, असं त्या माहितीखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

मी आबांना म्हटलं, "शनिवार-रविवार तरी त्याला बांधून ठेवाल का?"

"बांधायची सवय न्हाई त्याला, ताई. बघतो."

दोन आठवडे त्यांनी त्याला खोलीत बांधला. तो सारखा रडायचा, पाहुणे तक्रार करायचे. शेवटी मी सांगितलं, "गावी ठेवा त्याला, तुमच्या भावाकडे."

आबांनी कुत्र्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. मग म्हणाले, "व्हय." ते भांडले असते तर मी ऐकलं असतं, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगते. ते खरं नाही.

सोमवारी ते त्याला ओळखीच्या टेम्पोतून भाज्याला सोडून आले. शुक्रवारी सकाळी तो फाटकाशी पडलेला दिसला. पंजे फुटून रक्ताळले होते. एवढं अंतर तो कुठल्या रस्त्याने आला, कोण जाणे. आबांनी हळदीचं पाणी करून त्याचे पाय धुतले.

"दोन दिस ऱ्हाऊ द्या त्येला, ताई. पाय लय फुटल्यात."

मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आबा, पाहुणे दोन वाजता येतायत. त्यांचे दोन कुत्रे आहेत."

आबांनी कुत्र्याला गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि ते फाटकाबाहेर पडले.

भावाने या वेळी त्याला साखळीने बांधला. कुत्र्याने खाणं सोडलं. बाराव्या दिवशी भावाचा फोन आला, कुत्रा गेला म्हणून. आबा जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळीवरची पाहुण्यांच्या कुत्र्यांची घाण उचलायला लागले. मी जवळ गेले. "आबा, माझं चुकलं."

"तुमी काय करणार, ताई? त्येला उमगलं न्हाई, का बांधलंय ते. एवढंच."

बंगल्याच्या माहितीतली ती ओळ मी काढून टाकायला हवी होती. ती अजून तशीच आहे. काढून आता काय होणार, असं मला वाटत राहिलं. मी नवीन पिल्लू आणायचं म्हटलं तर आबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. काही महिन्यांनी गुडघे दुखतात म्हणून ते कायमचे गावी गेले.

मी एकदा त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी बसायला घोंगडी टाकली, चहा दिला, बंगल्याच्या बागेतल्या लिंबाला फळ धरलं का ते विचारलं. आम्ही लिंबाबद्दलच बोललो. कुत्र्याला कुठे पुरलं, हे विचारायचं मनात होतं. निघेपर्यंत माझ्याने विचारवलं नाही, आणि त्यांनीही ती जागा दाखवली नाही.