साइड स्टँड

रायपूर नुकतं राजधानी झालं होतं. तिथल्या भनपुरीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसबाहेर माझं कपाट ट्रेलरवर चढायची वाट पाहत मी फुकटचं नाटक बघत होतो. नायक होते एक मिशीवाले काका. नागपूरला नोकरी लागलेल्या लेकीला ते आपली मोटारसायकल पाठवत होते. हमाल दोर आवळायला लागला की काका हळूच पायानं साइड स्टँड खाली करायचे.

"काका, स्टँड ऊपर! झटके में टूटेगा. दोनों चक्कों पे रहने दो!" हमाल ओरडला.

"हव, हव," म्हणत काकांनी पुन्हा तेच केलं.

तेवढ्यात ऑफिसच्या काउंटरवरच्या फोनवर लेकीचा फोन आला. काकांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"बाबा, साइड स्टँड ऊपर किया ना?"

"तुले काय समजते त्यातलं?"

"आपकी गाड़ी पे ही तो सीखी. दोपहर में, जब आप सोते थे."

मी टाळी वाजवणारच होतो, पण काकांची मान खाली गेली. फोन ठेवून ते मला म्हणाले, "मी कुठं झोपत होतो? गाडीचा आवाज आला की डोळे मिटून पडून राहत होतो. पाऱ्यातले, मोहल्ल्यातले लोक काय म्हणतील, म्हणून 'चालव' असं एकदाही म्हटलं नाही पोट्टीले."

मग त्यांनी वाकून स्वतःच स्टँड वर केला आणि शेवटची गाठ बसेपर्यंत मागची सीट धरून उभे राहिले, सायकल शिकणाऱ्या पोरीच्या मागं उभं राहावं तसे.