ट्वीटरचा ब्रेक

स्पीकरच्या पाठीचे नऊ स्क्रू निघाले, दहावा निघेना. कात्रजला भोसल्यांच्या हॉलमध्ये मी जमिनीवर पालथा पडून त्याच्याशी झटत होतो. समोर हॉस्पिटलसारखी वरखाली होणारी कॉट, आणि कॉटवर उशांना टेकवून बसवलेले वसंतराव भोसले. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा चालायचा. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. हा माणूस मनात म्हणत असणार, हळू रे, सागवान आहे ते.

"त्यांना सगळं कळतं का?" मी वहिनींना हळूच विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, किती कळतं ते सांगता येत नाही. मी म्हणते, सगळं कळतं. पण मी काय, बायको."

वहिनी गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं उत्तर असं दोन ओळींत संपायचं आणि खाली रेघ मारल्यासारखं वाटायचं.

स्पीकरची जोडी वसंतरावांच्या तरुणपणची, विलायती. एकेकाचं वजन एका म्हशीएवढं. बरं, रेडकाएवढं म्हणा. जिन्यावरून ते खाली आणण्यापेक्षा मीच हत्यारं घेऊन वर गेलो होतो. पुण्यात असले जुने स्पीकर उघडणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, आणि त्यातली निम्मी बोटं माझी आहेत. हे मी त्या दिवशी वहिनींना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना स्क्रू निघाला, त्यामुळे छाप पडली.

मामला असा होता. वसंतरावांना आजारपणात एकच सुख उरलं होतं. सकाळी एक तास गाणं, संध्याकाळी एक तास. गाणं लागलं की ताणलेला चेहरा सैल पडायचा, डाव्या हाताचं बोट चादरीवर ताल धरायचं. पण गेले काही महिने गाणं लावलं की ते मान भिंतीकडे फिरवत. वहिनींनाही आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा वाटायला लागला होता.

"एवढं एकच राहिलंय हो त्यांचं," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "तेवढं नीट करून द्या."

आता आत काय असतं ते सांगतो. मोठ्या स्पीकरच्या पेटीत एक स्पीकर नसतो, दोन किंवा तीन असतात. तबल्याचा डग्गा, पुरुषाचा खर्ज हे मोठ्या वूफरचं काम. झांजेची किणकिण, गाणाऱ्याच्या श्वासाची सळसळ हे छोट्या ट्वीटरचं काम. कुणाला काय द्यायचं ते आतली एक लहानशी पाटी ठरवते. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. त्या पाटीवर कपॅसिटर नावाचे नळकांड्यासारखे पार्ट असतात. ते रखवालदाराचं काम करतात. फक्त बारीक आवाजाला ट्वीटरकडे सोडायचं, जाड्याला दारातून परत पाठवायचं. जुन्या कपॅसिटरमध्ये आत ओल असते. चाळीस-पन्नास वर्षांत ती लोणच्याच्या खारासारखी आटते. मग रखवालदार बारीक आवाजालाही अडवायला लागतो, आणि गाणं घोंगडीत जातं.

भोसल्यांचे चारही कपॅसिटर गेलेले होते. एक तर मी बोटाने दाबला आणि बिस्किटासारखा मोडला. नवे आणलेले होतेच. डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, सोल्डरिंग आयर्न तापवलं, आणि दीड तासात दोन्ही पाट्या तयार करून पेट्यांत बसवल्या.

वहिनींनी रेकॉर्ड लावली. एका बाईंचा संथ आलाप.

"अहो, झालं की!" वहिनी म्हणाल्या. "हाच आवाज. असाच होता."

कॉटवर वसंतरावांनी मान भिंतीकडून काढली आणि स्पीकरकडे वळवली. बोट चादरीवर एकदा उठलं, एकदा पडलं.

काम तिथे संपलं होतं. मी आयर्न पुसून, चहा पिऊन, घरी जायला हवं होतं.

पण मला आवाज अजून बोजड वाटत होता. आणि माझा माझ्या कानावर भयंकर विश्वास. शेजारच्या सोसायटीत कुकरची शिट्टी झाली की कुकरात तांदूळ आहे की तूरडाळ ते मी सांगतो, असं मी लोकांना सांगत आलो. मीटर मी बॅगेत ठेवायचो तो गिऱ्हाइकावर वजन पडावं म्हणून. शेवटचा निकाल कानाचा.

"पूर्वीसारखं म्हणजे पुरेसं नाही वहिनी," मी म्हणालो. "थांबा, या स्पीकरमध्ये खरं काय आहे ते तुम्हाला ऐकवतो."

पाटीवर ट्वीटरच्या अगोदर एक रेझिस्टर होता. रेझिस्टर म्हणजे ब्रेक. ट्वीटर जात्याच तोंडाळ असतो, वूफरच्या दुप्पट ओरडतो. म्हणून बनवणाऱ्याने त्याच्या वाटेत हा ब्रेक घातलेला असतो. मी पेटी पुन्हा उघडली आणि त्या ब्रेकच्या दोन टोकांना तार जोडून दिली. आता वीज तारेतून सरळ ट्वीटरला जाणार, ब्रेक नुसता शोभेला. आमच्या भाषेत, डायरेक्ट केला. दोन्ही पेट्यांत तेच.

पुन्हा तोच आलाप लावला. मला तो आत्ता कुठे उघडल्यासारखा वाटला.

"जरा टोचतंय का हो?" वहिनींनी कानाला हात लावला.

"वहिनी, इतके महिने घोंगडीतून ऐकत होतात. उजेडात आल्यावर डोळे दिपतात, तसे हे कान दिपलेत. आठ दिवसांत बसेल."

"पण मघाचं..."

"मघाचं शाळेतलं होतं. हे कॉलेजातलं."

मग मी कॉटकडे पाहिलं. वसंतरावांचे डोळे भरून आले होते. एक थेंब गालावरून हनुवटीपर्यंत आला. डाव्या मुठीत चादर आवळलेली.

"बघा!" मी जवळजवळ ओरडलो. "आठ महिन्यांत असं पाणी पाहिलंत का डोळ्यांत? माणूस हलला आतून. याला म्हणतात आवाज!"

वहिनींनी पदराने त्यांचा गाल पुसला आणि स्वतःचाही. माझ्याकडे पाहून हात जोडले.

"रोज ऐकवा," मी सांगितलं. "एका तासाऐवजी दीड तास ऐकवा."

घरी जाताना मी सारसबागेपाशी थांबून स्वतःला भेळ खिलवली. पुढचा आठवडाभर भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. तिसऱ्या माणसापर्यंत वसंतराव रडत होते, सहाव्या माणसाला सांगताना ते उठून बसले होते.

बाराव्या दिवशी एका मुलीचा फोन आला.

"जाधव काका ना? मी ऋतुजा. भोसले काकांची फिजिओ. तुम्ही आज येऊ शकाल का? स्पीकरचं काहीतरी सीरियसली गंडलंय."

"ताई, ते स्पीकर मी केलेत."

"हो, म्हणूनच तुम्हाला फोन केला."

मी गेलो. जाताना वाटभर तिला काय सुनवायचं ते घोकत गेलो. ऋतुजा पंचविशीची, केस वर बांधलेले, वसंतरावांचा डावा हात हातात घेऊन बसलेली. ती इतके दिवस सकाळचं गाणं संपल्यावर यायची. आदल्या दिवशी पहिल्यांदा संध्याकाळी आली, गाण्याच्या वेळेला.

"काका, कालचं गाणं मला दहा मिनिटं सहन झालं नाही," ती म्हणाली. "प्रत्येक 'स' सुईसारखा. आणि भोसले काकांची नाडी बघा ना, गाणं लावलं की धावते. काकू म्हणाल्या, ते आनंदाने रडतात. आनंदाने कुणी मुठी आवळतं का?"

"काही जण आवळतात," मी म्हणालो.

तिने फोन काढला. त्यावर एक ॲप होतं. शिट्टीसारखा एकच सूर निघतो आणि तो हळूहळू चढवत नेता येतो.

"आम्ही एक सिस्टीम बसवलीये. ऐकू आलं तर भोसले काका बोट उचलतात. तुम्ही पण उचला. काकू, तुम्ही पण."

मला हसू आलं. मी खुर्चीत ऐसपैस बसलो. पहिला सूर, तीन बोटं वर. दुसरा, तिसरा, तीन बोटं. सूर चढत गेला. मग ऋतुजा नुसतीच फोन धरून थांबली.

"लाव ना पुढचा," मी म्हणालो.

वहिनींचं बोट वर होतं. वसंतरावांचंही.

"चालू आहे काका," ऋतुजा म्हणाली.

"तुझ्या फोनचा स्पीकर गेलाय."

तिने फोन माझ्या कानाजवळ आणला. मग लांब नेऊन आणखी एक सूर चढवला. मला पंख्याची घरघर ऐकू आली, खालून रिक्षा गेलेली ऐकू आली. कॉटवर वसंतरावांचं बोट हळूहळू उठलं आणि तसंच थांबलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

मी पंचवीस वर्षं गणपतीच्या मंडपांना साउंड दिला होता. माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्पीकरच्या भिंतींपुढे उभं राहून. कान केव्हा गेले ते मला कळलंच नाही, कारण जे जातं ते ऐकूच येत नाही. बारीक आवाज मला बाद झाले होते, आणि मी ते वसंतरावांच्या ट्वीटरमध्ये शोधत बसलो होतो.

"म्हणजे बारा दिवस..." वहिनी एवढंच बोलल्या. त्या हिशेबाला पक्क्या होत्या. रोज दोनदा, दीड तास. पुढचा आकडा त्यांनी उच्चारला नाही. त्यांनी वसंतरावांच्या पायाशी बसून चादरीची सुरकुती नीट केली. एकदा केली, मग पुन्हा तीच केली.

"मला टोचत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात कॉलेजातलं. मग मी माझंच ऐकलं नाही."

मी पेट्या उघडल्या. तारा तोडल्या. ब्रेक जिथल्या तिथे होते, बिचारे बारा दिवस नुसते बसून होते. या वेळी मीटर बॅगेतून बाहेर काढला आणि प्रत्येक पार्ट मोजला. ऋतुजाच्या फोनवर आवाजाचा आलेखही काढला. आलेख सपाट आला, म्हणजे कुठलाच आवाज चढलेला नाही की दबलेला नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि ते ऐकून मला स्वतःला काडीचाही फरक सांगता आला नसता.

"लावू?" ऋतुजाने विचारलं. "अगदी लो व्हॉल्यूम."

ॲम्प्लिफायर चालू करताना त्याच्या बटणाचा 'टक्' असा आवाज होतो. तेवढाच झाला. रेकॉर्डवर सुई टेकायची होती. वसंतरावांनी डोळे घट्ट मिटले आणि डाव्या मुठीत चादर धरली.

वहिनींनी बटण बंद केलं.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी प्रयत्न केले. वेळ बदलून पाहिली, रेकॉर्ड बदलून पाहिली. बटणाची 'टक्' झाली की मूठ वळायची. ऋतुजाने विचारलं, "भोसले काका, गाणं हवं का? हवं तर बोट वर करा." बोट उठलं नाही. मग वहिनींनी स्पीकरवर पांढरी चादर घातली. दोन महिन्यांनी वसंतराव गेले.

मी भेटायला गेलो. काहीतरी मोठं बोलावं असं घोकून गेलो होतो. माझ्याजवळ ते नेहमी असतं. दारात चपला काढता काढताच ते आटलं.

"घर फार शांत होतं शेवटी," वहिनी म्हणाल्या. त्या मला दोष देत नव्हत्या. नुसती माहिती देत होत्या. मग त्यांनी चहा केला, आणि मी तो प्यायलो.

मी काम सोडलेलं नाही. लोक अजून बोलावतात आणि मी अजून जातो. गिऱ्हाइकाला मात्र आधी सांगतो की माझे कान अर्धे आहेत. निम्मे लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा नम्रपणा करतोय. माझ्यावर तो आरोप आजवर कुणी केला नव्हता. कपॅसिटर बदलून झाले की मीटरचे आकडे वहीत लिहितो, रेकॉर्ड लावायला सांगतो आणि जिन्यात जाऊन उभा राहतो. मी समोर असलो की लोक माझ्या तोंडाकडे बघून मत देतात. आत घरातले ऐकतात, आपसात बोलतात, मग मला हाक मारतात. मला सगळ्यांचं म्हणणं हवं असतं. बोलता न येणारं कुणी घरात असेल, तर त्याला पहिलं विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचं.

फार वेळ लागत नाही. पाच मिनिटं, फार तर सात.