आण्णांच्या जागी माझा आवाज

आमच्या फिल्मचा व्हॉट्सअॅप ग्रुप कित्येक महिने गप्प होता. शेवटचा फोटो बक्षिसाची ढाल धरलेल्या आम्हा चौघांचा. त्याच्याच खाली दीड महिन्यापूर्वी सानिकाचा मेसेज आला, ‘उचगावचे आण्णा गेले.’ मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं आणि वर्गात जाऊन बसलो. त्याहून जास्त काही करायला हवं होतं, हे कळायला मला पंधरा दिवस लागले...

दौलूआण्णा कुस्ती मैदानाचे निवेदक. एरवी फौंड्रीत काम, जत्रांच्या दिवसांत गावोगावी माईक. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही पैलवानांवर फिल्म करायला निघालो होतो, पण आण्णांना एकदा ऐकलं आणि विषयच बदलला. पहिल्या दिवशी मी अदबीनं विचारलं, ‘आपण या क्षेत्रात कसे आलात?’ त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘पावणं कुठलं म्हणायचं?’ ‘कोडोलीचा.’ ‘मग आसं पुस्तकावानी काय बोलालायस? कोडोलीत धडा वाचून जेवाय मागत्यात व्हय?’ सगळे हसले. मी नाही हसलो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी ‘हाय’, ‘न्हाय’ तोंडातून गेलं म्हणून वर्ग हसला होता. ते बोलणं मी महिनोन्महिने घासून काढलं होतं.

त्याच दुपारी आण्णांनी कॅमेऱ्यासमोर एक गोष्ट सांगितली. गावच्या मैदानात शेवटच्या कुस्तीची जोड ते दोनदा पुकारायचे. लोकांना वाटायचं, रंगत वाढवायला. खरं तर दुसरा पुकारा घरी बसलेल्या काकूंसाठी, त्यांच्या बायकोसाठी असायचा, भोंग्यावरून त्यांना ऐकू जावं आणि त्यांनी तवा चुलीवर ठेवावा म्हणून. ‘हे तिलाबी ठावं न्हाय,’ म्हणाले, आणि तो एवढा मोठा माणूस लाजला.

एडिटिंगच्या वेळी सर म्हणाले, बाहेरच्या परीक्षकांना हे बोलणं कळणार नाही. सानिका म्हणाली, खाली ओळी देऊ. मीच म्हणालो, नको, डब करू. आण्णांचं सगळं बोलणं मी शुद्ध करून लिहिलं आणि माझ्याच आवाजात म्हटलं. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या गटाला द्यायचं होतं. तेही मीच पुसून दिलं, आण्णांच्या मूळ आवाजासकट.

फिल्म दाखवायच्या दिवशी आण्णा फेटा बांधून, काकूंचा हात धरून आले. काकूंना आता दिसत नाही. ‘हिला ऐकवाय आणलीया,’ म्हणाले. पडद्यावर त्यांचे ओठ हलले आणि माझा आवाज आला. ‘आयला! त्वांड माझं आन् बोलतोय कलेक्टर!’ सभागृह हसलं. मीही हसलो. मग ती ओळ आली, ‘दुसरा पुकारा माझ्या पत्नीसाठी असे.’ काकूंनी अंधारात विचारलं, ‘पत्नी कोन?’ ‘आगं, तूच की...’ आण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. परीक्षकांनी भाषेचं कौतुक केलं. ‘प्रकल्पातून काय शिकलात?’ या रकान्यात मी लिहिलं, ‘आवाजाचं महत्त्व.’

आण्णा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी उचगावला गेलो. दारातूनच म्हणालो, ‘काकू, मी आलोय. फिल्म केलेला.’

‘वळखलं की. ह्यो आवाज इसरायचा व्हय?’ त्यांनी कॉटवर सरकून जागा दिली. ‘त्या दिवशी घरी आल्यावर म्हणलं, कॅमेऱ्यात काय म्हणलासा ते परत म्हणा. लाजंनं म्हणलंच न्हाईत. तू सांग. पत्नी तर म्हणलं नसणार. मला काय म्हणलं हुतं?’

मला आठवेना. ते वाक्य मी पन्नासदा तरी ऐकलं असेल. पण त्यांचा तो एक शब्द मी खोडला होता, आणि त्या जागी लिहिलेलं ‘पत्नी’च डोक्यात राहिलं होतं.

‘उभ्या जल्मात मला “आगं” बिगर हाक न्हाय मारली,’ काकू म्हणाल्या. ‘दुसऱ्याजवळ काय म्हणत हुतं, तेवढंच ऐकायचं हाय बघ.’

‘मंडळी’ म्हणाले, ‘मालकीण’ म्हणाले... काहीतरी सांगून टाकावं असं वाटलं. त्यांना बरं वाटलं असतं. पण मग पुन्हा एकदा आण्णांच्या जागी मीच बोललो असतो. काकू माझ्याकडे कान करून वाट बघत होत्या.