पियानोवाल्याचा पाय

मंडळी, आज एक चूक लक्षात आली. सुधारता येईल, पण डोक्यातून जात नाहीये.

सिंगापुरात, यिशुनला आमच्या शेजारी टॅन अंकल राहतात. तरुणपणी घेतलेली रॉक अँड रोलची एक रेकॉर्ड त्यांनी जपून ठेवली आहे. एकच माणूस पियानो वाजवत गातो. ती कॉम्प्युटरवर साफ करून देतो म्हणालो. इंजिनिअरचा उत्साह! आठवडाभर बसून खरखर काढली, मागची धपधपही काढली.

सकाळी अंकलनी हेडफोन लावले आणि लगेच उतरवले.

"त्याचा पाय कुठे गेला?" त्यांनी आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. "ड्रमर नव्हता लाह. वाजवताना तोच जमिनीवर पाय आपटायचा. त्या पायावर तर आम्ही नाचायचो!"

म्हणजे मी ठेकाच पुसला होता.

घरी आलो तर लेक परीक्षेसाठी पियानोचा सराव करत होती, पाय हलवत. "पाय स्थिर ठेव," हे मी तिला रोज सांगतो. आज ते न सांगता तिच्या पायाचा ठेका ऐकत राहिलो.

ती वाजवायची थांबली. "बाबा, टुडे नो स्कोल्डिंग अह?"

तिला काय सांगू?