बारा लाल नेटबुकं आणि तीन चौकटी

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी न बोलावता साठतात. एक जुने चार्जर आणि दुसरे किस्से. चार्जर निदान भंगारवाला तरी उचलतो. किस्से कोण नेणार? म्हणून म्हटलं, तुम्ही आलाच आहात तर चार-दोन तुमच्याच गळ्यात घालावेत!

सदाशिव पेठेत दामले काकांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विकतात काका, दुरुस्त करतो मी. बावीस वर्षं खिडकीजवळच्या एकाच टेबलावर बसतोय. त्यावरचा सोल्डरिंगचा प्रत्येक डाग मला ओळखीचा आहे.

काकांचा नियम असा, की गिऱ्हाईक आलं की आधी हातात चिठ्ठी. तिच्यावर तीन चौकटी: रूप, काम, किंमत. खाली काकांच्या वळणदार अक्षरात सूचना: 'यांपैकी दोनच खुणा कराव्यात. तिन्ही हवे असल्यास आपले दुकान चुकले आहे.' म्हणजे देखणा आणि वेगवान लॅपटॉप हवा, तर महाग पडणार. वेगवान आणि स्वस्त हवा, तर दिसायला पाटा-वरवंटा. देखणा आणि स्वस्त हवा, तर मग त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नये.

एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, हे दुकान आहे की परीक्षा?"

काका म्हणाले, "परीक्षेत नापास झालात की फी बुडते. इथे नापास झालात की वाचते!"

रूपाच्या चौकटीत खूण करणाऱ्याला काका मनातून जरा कमीच लेखायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

*

तर हेच काका एकदा एका व्यापाऱ्याकडे जुने, भक्कम, काळे लॅपटॉप आणायला गेले. येताना रिक्षातून काय उतरवलं? बारा नेटबुकं, म्हणजे छोटेखानी लॅपटॉप! एवढीशी, वहीसारखी, डाळिंबी लाल. झाकण असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. मी एक सुरू करून पाहिलं. सुरू होईपर्यंत समोरच्या टपरीवरून चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले.

तेवढ्यात काकू आल्या. दुकानाची जागा काकूंच्या माहेरची, त्यामुळे तिथे शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी ओळीने मांडलेल्या बारा लाल डब्या पाहिल्या आणि शांतपणे विचारलं, "अहो, यात तुमच्या दोन खुणा कुठल्या?"

काका म्हणाले, "एकच आहे. पण ठळक आहे."

काकूंनी तिथेच निकाल दिला. दसऱ्यापर्यंत बाराच्या बारा गेली नाहीत, तर खिडकीकडची अर्धी जागा केकवाल्याला. तो केव्हापासून मागतोच आहे. आणि हो, खोटं बोलून विकायची नाहीत. ही अट मात्र काकांनी स्वतःच घातली!

खिडकीकडची जागा म्हणजे माझं टेबल. स्पष्टच सांगतो. या वयात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून बारीक स्क्रू शोधायचे म्हणजे मी संपलोच होतो.

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजातली एक मुलगी. लाल डबी पाहून किंचाळलीच. "ओ माय गॉड, किती क्यूट! काका, हाच पॅक करा!"

मी खोका काढायला वाकलो. काकांनी विचारलं, "करणार काय यावर?"

"व्हिडिओ एडिटिंग. माझं चॅनल आहे."

"मग हा नको. एक व्हिडिओ होईपर्यंत तुमची डिग्री होईल."

मी खोका हातात धरून तसाच वाकलेलो! काकांनी तिला एक काळा, जाडजूड, जुना पण तगडा लॅपटॉप दिला. बिचारी तोंड पाडून गेली. पंधरा दिवसांनी आली ती नाचतच. लॅपटॉपवर मांजरांचे, ढगांचे, कसले कसले स्टिकर. म्हणाली, "काका, बघा! माझ्या तिन्ही खुणा झाल्या!"

काकांनी चष्मा सारून पाहिलं आणि म्हणाले, "मांजरं आमच्या वॉरंटीत येत नाहीत."

*

मग आले खडकीचे सावंत साहेब. आयुष्यभर कारखान्यात मालाची तपासणी केलेली, आता निवृत्त. त्यांनी नेटबुक सुरू केलंच नाही. नुसतं झाकण उघडायचं, मिटायचं. मोठ्यानं मोजत पन्नास वेळा! मग म्हणाले, "बिजागरी पास."

काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, हा फार हळू चालतो."

"मीही."

"एका वेळी एकच काम करतो."

"मीही."

"मध्येच थोडा वेळ गप्प बसतो."

सावंत साहेबांनी चिठ्ठी पुढे ओढली, रूप आणि किंमत अशा दोन खुणा केल्या आणि म्हणाले, "दोन द्या. एक वापरात, एक राखीव. राखीव नग नसला की कारखाना बंद पडतो." राहिली दहा.

*

त्यानंतरचे पाहुणे म्हणजे खडकवासल्याच्या बाजूचे तानाजीराव. स्वतःच्या जमिनीवर त्यांनी टोलेजंग मंगल कार्यालय बांधलंय. आल्या आल्या म्हणाले, "आपल्या हापिसात टेबलावर ठेवायला झ्याक कायतरी पायजे. चाललं न्हाई तरी चालंल. बुकिंग आमी वहीतच करतो."

लाल डबी त्यांना बेहद्द आवडली. पण किंमत ऐकली आणि चेहरा उतरला. "एवढंच? आवो, पाव्हन्यानं इचारलं केवढ्याला घेतलं, तर काय सांगू? जरा महाग हाय का बघा की!"

आता काका दर कमी करत नाहीत हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. पण वाढवतही नाहीत हे त्या दिवशी कळलं! "किंमत आहे ती आहे," म्हणाले. तानाजीराव नाराज होऊन निघून गेले. माझा जीव पुन्हा टांगणीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतोय तर तानाजीराव पायरीवर उभे. म्हणाले, "रातभर इचार केला. पाच द्या. म्हंजे जरा महागात पडंल!"

*

त्या आठवड्यात शेजारच्या खोल्यांवर राहणाऱ्या तीन मैत्रिणींनी एकदम तीन नेली. पीडीएफ वाचायला आणि फोटोत मागे ठेवायला, असं त्यांनी चिठ्ठीवर खरंखरं लिहून दिलं. राहिली दोन. त्यातलं एक काउंटरवर नमुना म्हणून उघडं ठेवलेलं. त्याची वेगळीच कथा.

आमच्या मागच्या गल्लीतले परांजपे. ते "घेण्यापूर्वी वापरून पाहतो" म्हणून आले. पहिल्या दिवशी बातम्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी हवामान पाहिलं. तिसऱ्या दिवशी बसायला घरून उशी आणली! रोज साडेदहा ते बारा. तीन आठवडे. बटणं झिजून गुळगुळीत झाली. मध्ये एकदा मलाच म्हणाले, "शिंदे, तो पंखा जरा इकडे वळवा."

शेवटी एक दिवस उशी काखेत मारून उठले आणि म्हणाले, "नको, दामले. रोज वापरून पाहिलं, पण काही केल्या मला याची सवय होत नाही."

काका म्हणाले, "अहो, पण आम्हाला तुमची झाली, त्याचं काय?"

*

दसरा चार दिवसांवर आला. केकवाला टेप घेऊन आला, माझ्या टेबलाची लांबी-रुंदी मोजून गेला. जाताना प्रेमाने म्हणाला, "इथे फ्रीज मस्त बसेल!"

आता कबूल करतो, त्यानंतर मी खोटं बोललो. काका जेवायला घरी गेलेले. सरकारी खात्यात अधिकारी असलेल्या कांबळे मॅडम आल्या. लाल नेटबुक हातात घेऊन विचारलं, "वेगाला कसा आहे?" मी टेबलाकडे पाहिलं आणि म्हणालो, "मॅडम, एकदम फास्ट!" त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते सुरू केलं, बंद केलं. चिठ्ठी भरली, नेटबुक घेतलं, गेल्या.

काका आले, चिठ्ठी पाहिली. तिच्यावर तीन खुणा! बावीस वर्षांतली तीन खुणांची पहिली चिठ्ठी. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "शिंदे, चला," एवढंच म्हणाले. मला स्कूटरवर मागे बसवलं आणि चिठ्ठीवरच्या पत्त्यावर थेट मॅडमच्या घरी.

दारातच काकांनी हात जोडले. "मॅडम, आमच्याकडून चुकीची माहिती दिली गेली. हा हळू आहे. परत घ्यायला आलोय."

मॅडम म्हणाल्या, "ते मी दुकानातच घड्याळ लावून बघितलं. हा माझ्या आईसाठी आहे. तिला फक्त माझ्या भावाशी व्हिडिओवर बोलायचंय. सुरू होईपर्यंत तिचे केस विंचरून होतात."

"मग चिठ्ठीवर तीन खुणा का केल्यात?"

"रूप आणि किंमत या दोन माझ्या," मॅडम माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तिसरी यांची!"

 परत येताना स्कूटरवर मला जी लाज वाटली, तशी आयुष्यात वाटली नव्हती.

*

राहिलं एक. परांजप्यांनी गुळगुळीत केलेलं. ते कोण घेणार?

खंडेनवमीचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मी स्क्रूड्रायव्हर, पकड, सोल्डरिंग गन सगळं पुसून माझ्या टेबलावर मांडलं. या टेबलावरची ही शेवटची पूजा, असं मनाशी धरूनच मांडलं. डोळे भरून येत होते, म्हणून उगाच फडकं मारत बसलो. केकवाला दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला, किल्ली न्यायला येणार होता.

काकू पूजेचं ताट घेऊन आल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. मग ताट खाली ठेवून गिऱ्हाईक उभं राहतं तिथे, काउंटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चिठ्ठी द्या," म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी दिली. नियम म्हणजे नियम! काकूंनी पेन घेतलं, एक खूण केली आणि चिठ्ठी परत सरकवली.

काका म्हणाले, "हा नमुन्याचा आहे. वापरलेला. बटणं झिजलीत."

"दिसतंय मला."

"हळू चालतो."

"माहितीये."

"सवलत मिळणार नाही."

"मागितली का?"

काकांनी चिठ्ठी उचलली. खूण फक्त रूपाच्या चौकटीत होती. पेन असं दाबलेलं की कागद मागून उठला होता. "एकच?" काका म्हणाले. "दोन करता येतात."

काकू म्हणाल्या, "तुम्ही मला बघायला आला होतात ना, तेव्हा माझ्याही मनात तीनच चौकटी होत्या. कामाला बरे वाटलात, हुंडा मागितला नाहीत. दोन खुणा तेव्हाच झाल्या. ही तेवढी राहिली होती."

 काकांनी ती चिठ्ठी चार घड्या करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, लाल झाकण स्वतःच्या बाहीने पुसलं आणि विचारलं,

"पिशवी आणली आहे का?"