मायच्या गुडघ्यांचा आकडा

माझ्या मायचे गुडघे वाजायचे. चुलीपुढून उठली की कटकट आवाज पार अंगणापर्यंत जायचा. "अवो माय, मोडून पडशीन एखांद्या दिवशी," मी चिडवायची. ती म्हणायची, "पडू दे. तू हाये ना उचलाले." कपाशी वेचण्यात आणि जवारीच्या निंदणात तिचा सगळा जन्म वाकून गेला होता. गुडघे झिजणार नाहीत तर काय होणार!

आमच्या रिठद गावात गुडघ्याचं औषध ठरलेलं होतं. आधी बिब्बा, त्यानं नाही भागलं तर डाग. एक म्हातारी विळ्याचं टोक चुलीत लाल करायची आणि गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना टेकवायची. मायनं लागोपाठच्या हिवाळ्यांत डागून घेतलं. कातडी पांढरट पडली, दुखणं जागच्या जागी राहिलं. शेवटी भावानं बैलगाडी जुंपली आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मीही सोबत होते.

पडद्याआड डॉक्टरपुढे माय एकटीच गेली. परतताना गाडीत ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय झालं वो?" मी विचारलं.

"त्यानं इचारलं, हे पांढरे डाग कायचे? मी सांगतलं, आपसुकच आले. खरं सांगतलं असतं तर लोकायसमोर फाडून खाल्लं असतं मले. माह्या आंधीच्या बाईवर कसा ओरडला, डागून घेतलं म्हनून! आयकलं नाई काय?"

"मंग?"

"मंग टाचनी टोचली त्या डागायवर. समजते काय म्हने. नाई समजत म्हटलं. खरंच नाई समजलं वो. जळेल कातडं ते, त्याले काय समजनार!"

भाऊही हसला. डॉक्टरला बनवून आली म्हणून आम्हाला तिचं कौतुकच वाटलं.

पुढचं मला नंतर कळलं. डॉक्टरनं तिच्या नावापुढे दोन गोष्टी लिहिल्या होत्या: एक गुडघेदुखी, आणि दुसरी, बधिर डाग, महारोगाची शंका, पुन्हा बघणे. माणूस वाईट नव्हता. पण दर महिन्याला वर जो तक्ता जायचा त्यात एका रोग्याला एकच ओळ, आणि त्या ओळीत रोगाचा एकच आकडा. कोणत्या रोगाला कोणता आकडा याची छापील यादी कंपाउंडरजवळ होती. त्यानं दोनातला मोठा रोग धरला आणि त्याचा आकडा टाकून मोकळा झाला. शंकेला त्या तक्त्यात जागाच नव्हती. झिजल्या गुडघ्यांचं तर कुणाला काही पडलंच नव्हतं. मेले ते कागद!

कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होत आली होती तेव्हा महारोगाची तपासणी करणारा एक माणूस सायकलवर गावात आला. पारावर उतरून त्यानं मायचं नाव घेतलं आणि ही रोगी बाई कुठे राहते म्हणून विचारलं. रोगाचं नावही घेतलं, चांगलं मोठ्यानं. पारावर निम्मं गाव बसलं होतं.

त्यानंतर आमच्या दारात कुणी विस्तव मागायला आलं नाही. भावजय दिवसांत होती, पहिलटकरीण. तिची माय कारंज्याकडून आली, अंगणातच उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या बाईच्या हातचं माही पोरगी खानार नाई, आन् नातवालेबी हिचा हात लागू देनार नाई." पोरीला घेऊन आल्या पावली गेली. ज्या भावानं गाडी जुंपली होती त्यानंच मायची बाज गोठ्यात टाकली. ताट वेगळं, लोटा वेगळा. माझं डोकं फिरलं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं मी त्याला बोलले. तो मान खाली घालून बैलांना वैरण टाकत राहिला.

मीच मायला पुन्हा दवाखान्यात नेलं. "आता खरं सांग," म्हटलं. तिनं सांगितलं. डॉक्टर कपाळाला हात लावून बसला.

"आधी का नाही सांगितलं, बाई?"

"तुमी ओरडता."

त्यानं पुन्हा टोचून पाहिलं, डाग सोडून बाकी सगळीकडे तिला चांगलं समजत होतं. गुडघे वाकवून पाहिले. मग वहीतली ओळ खोडली, कंपाउंडरला दुसरा आकडा घालायला लावला आणि शिक्का मारून चिठ्ठी दिली: महारोग नाही, गुडघ्याच्या सांध्यांची झीज. "उकिडवं बसू नका," म्हणाला. माय म्हणाली, "मंग निंदू कशी?"

ती चिठ्ठी घेऊन भाऊ सासुरवाडीला गेला. सासऱ्यानं वाचली, घडी घालून परत दिली. म्हणाला, "आंधीचाबी कागद सरकारचाच होता ना, जावईबापू?"

बाळ झालं, मुलगा. भावजय परत आली ती अट घालूनच. म्हातारी गोठ्यात राहील आणि पोराला हात लावणार नाही. भाऊ कबूल झाला. मी भांडायला उठले तर मायनंच मला गप केलं. "राहू दे वो. पोट्टं घरी आलं ना, डोयानं दिसते."

गोठ्याच्या दारात बसून ती त्याला बघायची. लांबूनच टाळ्या वाजवायची, नकला करायची. तो खिदळायचा.

तो पावलं टाकायला लागला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी बाकीची शेतात होती, मी मागच्या अंगणात मिरच्या कुटत होते. पोराची किंकाळी ऐकली. त्याच्या मागोमाग ती ओळखीची कटकट. धावत आले तर पोर गोठ्यापुढच्या दगडावर पडलेलं, कपाळातून रक्त. आणि माय, जिला उठायला खांब लागायचा, ती त्याच्यापाशी पोचली होती. वाकली होती. हात पुढे गेले होते.

मला पाहिलं नव्हतं तिनं. तरी तिनं दोन्ही हात मागे ओढले, पदरात गुंडाळले आणि रडणाऱ्या पोरावर तशीच वाकून ओरडली, "अवं ये ना पोरी! उचल त्याले! लवकर उचल!"

मी उचललं. माझ्या कडेवरून तो तिच्याकडेच हात करत होता, जायला बघत होता. माय मागे सरकली, खांब धरला आणि हळूहळू खाली बसली.