सुनेसाठी कसलेली बाज

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते बाज कसण्याचं. न्याहारी झाली होती. बाज अंगणात ओढली. पायथ्याची दोरी ढिली पडून मध्ये झोळी झाली होती. बाज कसायला दोन माणसं लागतात. मी लाकडाला पाय लावून दोरी ओढायची आणि तिनं तो वेढा अंगठ्यानं दाबून धरायचा. नाहीतर सगळी ओढ मागं सरकते. आमच्या हातांना सवय होती. ऊसही जन्मभर असाच तोडला, मी तोडायचा आणि तिनं मोळी बांधायची.

बाज सुनेसाठी होती. तिला आठवा लागलेला आणि ती पोराबरोबर ऊसतोडीला गेलेली. जाऊ नका म्हणलं, तर पोरगा म्हणाला, "नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. एकटा गेलो तर अर्धा. टोळीत कोण घेतंय मला? नववा लागायच्या आत आणून सोडतो."

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कुलूप लावून जातं. आमच्या आळीत आम्ही दोघं आणि समोरची आक्का एवढीच माणसं राहिली होती. गंज चढू नये म्हणून कुलपांना चिंध्या बांधलेल्या. कुत्री बंद दारापुढं बसून राहायची. आम्ही पुढून गेलो तर नुसती बघायची, भुंकायचीसुद्धा नाहीत.

चार दिवस पोराचा फोन लागत नव्हता. त्याच्या आधी लागला तेव्हा सून म्हणाली होती, "मामी, पाय लई सुजलेत. कंबर धरती." पुढं आवाज तुटला. तेव्हापासून फोन वाजला तरी भ्या वाटायचं आणि नाही वाजला तरी वाटायचं.

आमच्या भीतीला कारण होतं. आमचं पहिलं लेकरू उसाच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत झालं. थंडीत, ओल्या जमिनीवर, पाचटावर पोतं अंथरून. मुलगी होती. तीन दिवस जगली. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. पण सून गेल्यापासून बायको रोज म्हणायची, "ही भुईवर न्हाई निजायची. हिला बाज पायजे."

आमचं घर माझ्या आज्यापासून ख्रिस्ती. पण घरात प्रार्थना तिची. मी शेवटी आमेन म्हणायचा, तेही भाकरी गार होती म्हणून घाईनं. त्या दिवशी दोरीच्या एकेका वेढ्याला ती म्हणत होती, "देवबापा, हिला सुखरूप आण. देवबापा, हिला सांभाळ."

मी म्हणालो, "आगं, तोंड ऱ्हाऊ दे, अंगठा दाब. सुटतंय."

"तुमी ओढा. माझं तोंड अंगठ्याच्या आड येत न्हाई."

"एकदा सांगितलं की कळतं देवाला. बहिरा हाय का त्यो?"

"बहिरा न्हाई. पण तुमच्यावानी घुमा असला म्हंजी? दहादा सांगितलेलं बरं."

ती हसली. मग छातीवर हात ठेवून जरा थांबली. मी विचारलं नाही. मला बाज उरकायची होती.

शेवटची गाठ मारली. "बघते कशी झाली," म्हणून ती आडवी झाली. मी मागं जाऊन शेळ्यांना पाला टाकला, पाणी दाखवलं. आलो तर ती तशीच. मी म्हणालो, "ऊठ आता. ही बाज तुझ्यासाठी न्हाई कसली."

ती उठली नाही.

हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. तिनं ऐकलं की त्याच्या आधीच गेली होती, मला ठाऊक नाही.

आक्कानं कुणाकुणाला फोन लावले आणि टोळीतल्या दुसऱ्या माणसाकडून पोराला निरोप पोचवला. फड लई लांब नव्हता. दिवस कलायच्या आत जीप आली. सून दाराला धरून उतरली आणि खालीच बसली. तिचे पाय बघून आक्कानं तोंडाला पदर लावला. केजहून पास्टर आले. उजेड होता तोवर आम्ही पोराच्या आईला मातीत ठेवलं. पास्टर म्हणाले, ती विसाव्याला गेली. मी म्हणालो, "विसावा तिला मिळाला. मला काय मिळालं?" ते माझा हात धरून बसले आणि अंधार पडायच्या आत गेले.

घरी आलो तर बाज अंगणात तशीच. आक्का म्हणाली, "भाऊ, ती मोडा आन् ओढ्यात टाका. मेल्या माणसाची बाज. तिच्यावर दोन जिवाची बाई निजवू नगा."

"आक्का, आमी असलं मानीत न्हाई."

"तुमी नगा मानू. मरण इचारतंय का, कोण मानतंय आन् कोण न्हाई?"

पोरगा म्हणाला, "आबा, कशाला इषाची परीक्षा?"

सून कमरेवर हात धरून भिंतीला टेकली होती. शेवटी पोतं अंथरून भुईवरच निजली. खोटं कशाला सांगू, मलाही भ्या वाटलं. सकाळी एक जीव घेतला त्या बाजेनं. ती दुसरा मागंल, तिसरा मागंल, असंच मनात येत राहिलं. प्रार्थना करावी म्हणलं, तर पुढं बोलणारं माणूस नव्हतं. नुसतं आमेन कशाला म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी कुऱ्हाड घेतली. पोरगा रेंज मिळती का बघायला वेशीकडं गेलता. बाजेचा एक पाय दगडावर टेकवला, कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात उघड्या दारातून सून दिसली. गुडघे पोटाशी घेऊन भुईवर निजलेली, अंगाखाली पोतं. कोपीत मी हेच बघितलं होतं. असंच पोतं आणि असेच गुडघे.

कुऱ्हाड खाली ठेवली. दोरी सगळी सोडली, हौदावर साबण लावून धुतली, लाकडं ओल्या फडक्यानं पुसली. मग ओवून कसायला बसलो. पाय लावून ओढली की दुसऱ्या वेढ्याला जाईपर्यंत पहिला सरकायचा. तीनदा ओढली, तिन्ही वेळा ढिली. चौथ्यांदा सरकली नाही. खाली बघितलं तर दोरीवर अंगठा होता.

"मामा, धरते मी."

"वाकू नको. आत जा."

"वाकती कुठं? बसलीच हाय मी."

"भ्या न्हाई वाटत तुला हिचं?"

"वाटतंय की. भुईचं त्याच्याहून जास्ती वाटतंय."

मी दुसरा वेढा धरला. आता बोलायला पाहिजे होतं. माझ्याजवळ शब्द नव्हते, म्हणून बायकोचेच घेतले. "देवबापा, हिला सांभाळ." तिसऱ्या वेढ्याला पुन्हा तेच म्हणालो. चौथ्याला म्हणालो, "आन् तिला सांग, मी रागानं न्हाई बोललो. बाज तिची बी हाय."

हात थांबले माझे. समोर आक्का दारात उभी राहून बघत होती.

सुनेनं अंगठा आणखी दाबला. म्हणाली, "मामा, इथं ढिली ऱ्हायली. ओढा."

मी ओढली.